तापाचा आज कितवा दिवस?

पावसाळी अंकासाठी आलेल्या पत्रांत ताप, जुलाब आणि पुरळ यांचाच भरणा आहे. बहुतेकांनी रिपोर्टचे फोटो पाठवलेत, पण ताप नेमका कधी चढला ते फार थोड्यांनी लिहिलंय. मुलांच्या संसर्गात कोणती तपासणी करायची आणि तिचा अर्थ काय लावायचा, हे बरंचसं आजाराच्या दिवसावर ठरतं. म्हणून अंग गरम लागलं की तारीख आणि वेळ आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, औषधाच्या दुकानात त्यानंतर जा.

प्रश्न : मुलगा ७ वर्षांचा. चार दिवस ताप होता, डेंग्यूची एनएस-वन तपासणी पॉझिटिव्ह आली. आज ताप उतरला, पण प्लेटलेट ६२ हजार आहेत. प्लेटलेट चढवाव्या लागतील का? पपईच्या पानांचा रस देऊ का? (ठाणे)

ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. डेंग्यूत धोक्याचे २४ ते ४८ तास बहुधा ताप उतरतानाच सुरू होतात, म्हणजे तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. या काळात बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. पोटात आणि छातीत पाणी साठतं, रक्त दाट होतं आणि रक्तदाब कोसळू शकतो. मूल दगावतं ते बहुतेक वेळा या गळतीमुळे. प्लेटलेटचा आकडा कमी झाला एवढ्याने नव्हे.

म्हणून रिपोर्टमध्ये प्लेटलेटच्या जोडीला हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा टक्का, पाहा. काही ठिकाणी तो पीसीव्ही म्हणून छापतात. ताप सुरू झाल्यावर तो ३६ असेल आणि आता ४३-४४ झाला असेल, तर ती २० टक्क्यांची वाढ आहे आणि अशा मुलाला दाखल करावं लागतं. प्लेटलेट घसरतायत आणि हिमॅटोक्रिट चढतोय, ही जोडी दिसली की थांबू नये. या तुलनेसाठी पहिल्या दोन-तीन दिवसांतला एक रिपोर्ट हाताशी हवा. तुमचे डॉक्टर रोज रक्त तपासायला सांगतायत ते योग्यच आहे.

रक्तस्राव होत नसेल तर प्लेटलेट साधारण १० हजारांच्या खाली गेल्याशिवाय चढवायची गरज पडत नाही. ६२ हजारांवर तर प्रश्नच नाही. यंत्र कधीकधी गुठळ्या झालेल्या प्लेटलेट मोजत नाही, त्यामुळे आकडा अचानक फार खाली आला तर काचपट्टीवर हाताने मोजून घ्यायला सांगा. पपईच्या रसाने आकडा थोडाफार चढत असेलही, पण गळती थांबत नाही. शिवाय तो इतका कडू असतो की मळमळणारं मूल हमखास ओकतं, आणि आत्ता उलटी परवडणारी नाही.

घरी असेपर्यंत ओआरएस, पेज, शहाळ्याचं पाणी, ताक थोडं थोडं देत राहा. लाल किंवा चॉकलेटी पेयं टाळा, नाहीतर उलटीत रक्त आहे की सरबत हे कळत नाही. सहा तासांत एकदाही लघवी झाली नाही, पोट सतत दुखतंय, वारंवार उलट्या होतायत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय, हातपाय गार पडलेत, मूल पेंगतंय किंवा उगाच चिडतंय, यांतलं एकही दिसलं तर रात्र असली तरी रुग्णालयात न्या.

तपासणीबद्दल एक गोष्ट. एनएस-वन पहिल्या पाच दिवसांत कामाची, आयजीएम, म्हणजे प्रतिद्रव्यांची तपासणी, पाचव्या दिवसानंतर. सहाव्या दिवशी एनएस-वन निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असं होत नाही.

प्रश्न : पॅरासिटामॉल नेमकं किती द्यायचं? बाटलीवर वय लिहिलेलं नसतं. (जळगाव)

वय सोडा, वजन धरा. एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ४ तासांचं अंतर आणि २४ तासांत जास्तीत जास्त चार डोस. बाळ ३ महिन्यांपेक्षा लहान असेल तर घरी औषध देऊन वाट पाहू नका, ताप दिसताच डॉक्टरांना दाखवा.

घोटाळा होतो तो बाटल्यांमुळे. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम लागतं. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असलेलं सिरप ६ मिली द्यावं लागेल. ५ मिलीत २५० असलेलं असेल तर ३ मिली पुरे. आणि ड्रॉप्स बहुधा १ मिलीत १०० मिलिग्रॅमचे असतात, म्हणजे दीड मिलीच. सिरपचं माप डोक्यात ठेवून ड्रॉप्स ६ मिली दिले तर एकदम चौपट डोस जातो, आणि असा डोस दिवसातून तीन-चारदा गेला तर यकृत पणाला लागतं. घरातला चहाचा चमचाही वापरू नका, कारण कुठला ४ मिलीचा तर कुठला ६ मिलीचा असतो. सुई नसलेली सिरिंज दुकानात मिळते, ती घ्या.

पावसाळ्यात आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड मिसळलेली तापाची सिरपं स्वतःहून देऊ नका. डेंग्यू निघाला तर त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. बाटली घेताना मागचं बारीक अक्षर वाचा, पुढे मोठ्या अक्षरांत फक्त ब्रँड असतो.

प्रश्न : नातू १४ महिन्यांचा, जुलाब-उलट्या चालू आहेत. ओआरएसच्या पाकिटातली एक चमचा पूड ग्लासभर पाण्यात घालून देते. प्यायला की लगेच ओकतो. बंद करू का? (चिपळूण)

आजी, ओआरएस बंद करू नका. फक्त करायची पद्धत बदला. मोठं पाकीट साधारण २१ ग्रॅमचं असतं आणि ते एक लिटर पाण्यासाठी बनवलेलं असतं. त्यात साखर, मीठ, पोटॅशियम आणि सायट्रेट अशी चार द्रव्यं आहेत आणि ती पाकिटात सारखी मिसळलेली असतीलच असं नाही. चमचाभर पुडीत मीठ जास्त आलं तर रक्तातलं सोडियम वाढून बाळाला झटके येऊ शकतात, कमी आलं तर उपयोग नाही. त्यामुळे पूर्ण पाकीट, पूर्ण एक लिटर. बाजारातल्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीने माप घ्या. उकळून थंड केलेलं पाणी वापरा, कोमट नको. तयार पाणी २४ तासांनंतर ओतून टाका. एवढं संपणार नसेल तर २०० मिलीचं छोटं पाकीट मागा. वरून साखर, मीठ, दूध काहीही घालू नका.

उलटी होते ती बहुधा घाईने पाजल्यामुळे. तहानलेलं मूल वाटीभर एका दमात पितं आणि ताणलेलं पोट ते परत फेकतं. उलटीनंतर दहा मिनिटं थांबा, मग दर दोन-तीन मिनिटांनी एक छोटा चमचा. अर्ध्या तासात बरंचसं आत टिकतं. उलटीचं औषध आधी शोधण्यापेक्षा हा चमचा हातात धरून बसणं जास्त उपयोगी. प्रत्येक पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिली.

झिंक सुरू करा : सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी १४ दिवस पुरे करायचे. पुढच्या दोन-तीन महिन्यांत जुलाब परत होण्याची शक्यता त्याने कमी होते. अंगावरचं दूध, मऊ वरणभात, केळं, दही चालू ठेवा. ‘पोटाला आराम’ म्हणून उपाशी ठेवलेलं मूल अशक्त होतं आणि आतड्याचं अस्तर भरून यायला वेळ लागतो.

लहान मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंचे असतात. त्यांवर दोन-दोन अँटिबायोटिक एकत्र केलेली सिरपं आपल्याकडे सर्रास दिली जातात, त्यांचा काही उपयोग नाही. शीमध्ये रक्त दिसलं तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर अँटिबायोटिक देतील. जुलाब बांधणाऱ्या गोळ्या मुलांना मुळीच नाहीत. डोळे खोल गेले, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश परत बसली, मूल प्यायलाच तयार नाही किंवा लोळागोळा झालं, तर सलाइनची वेळ आली आहे.

आणखी एक : टेट्रापॅकमधली गोड, फळांच्या चवीची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. त्यांत साखर फार असते आणि तिने जुलाब वाढतात. २०२५च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला मनाई केली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असल्याची नोंद बघून घ्या.

प्रश्न : दोन दिवसांच्या तापावर लॅबने विडाल पॉझिटिव्ह दिली. टायफॉइडचं औषध सुरू करून चार दिवस झाले, ताप तसाच. औषध बदलायचं का? (सोलापूर)

इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला, हा टायफॉइड आहे का? विडाल रक्तातली प्रतिद्रव्यं मोजते आणि ती तयार व्हायला आठवडाभर लागतो. दुसऱ्या दिवशीची पॉझिटिव्ह विडाल बहुधा जुन्या संसर्गाची, एखाद्या वेगळ्याच तापाची किंवा आधी घेतलेल्या लशीची खूण असते. टायफॉइडचा संशय असेल तर ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून बघायची तपासणी, करावं, तेही अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी. पहिल्या आठवड्यात ते पॉझिटिव्ह येण्याची शक्यता सर्वांत जास्त. एक-दोन डोस पोटात गेले की जंतू बाटलीत वाढत नाहीत आणि कोणतं औषध लागू पडेल हेही कळत नाही. रक्तही पुरेसं घ्यावं लागतं. लहान मुलाचं तीन-चार मिली रक्त काढताना बघवत नाही हे खरं, पण अर्ध्या मिलीत जंतू सापडत नाहीत.

दुसरा प्रश्न औषधाचा. खरोखर टायफॉइड असेल तर योग्य औषधावरही ताप उतरायला चार ते सात दिवस लागतात. चौथ्या दिवशी औषध बदलण्याइतकी वाईट सवय नाही. रोजच्या तापाचा माथा खाली येतोय का, मूल थोडं खायला लागलंय का, हे बघा. तसं होत नसेल तर मलेरियाची काचपट्टी, डेंग्यू, स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्याने येणारा ताप) आणि लघवीची तपासणी डॉक्टरांना आठवण करून विचारा. पोट फुगलं, खूप दुखतंय किंवा शी डांबरासारखी काळी झाली तर लगेच रुग्णालय.

टायफॉइडची कॉन्जुगेट लस सहाव्या महिन्यानंतर एका डोसात देता येते. नवी मुंबई महापालिकेने २०१८ साली ती ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना सार्वजनिक मोहिमेतून दिली होती. इतर ठिकाणी बहुधा खासगी दवाखान्यात विकत घ्यावी लागते.

प्रश्न : मुलीला कांजण्या आल्यात. सासूबाई अंघोळ घालू देत नाहीत. घरात जाऊबाईंना सातवा महिना आहे. (बेळगाव)

अंघोळ घाला. कोमट पाणी, न घासता, टिपून पुसायचं. कडुलिंबाची पानं पाण्यात घातली तर बिघडत नाही, तेवढ्याने सासूबाईंचंही समाधान होईल. नखं कापा, कारण खाजवलेल्या फोडातच पू होतो. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन देऊ नका. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत शाळा नाही.

खरी काळजी जाऊबाईंची. त्यांना लहानपणी कांजण्या झाल्या असतील किंवा लशीचे दोन्ही डोस झाले असतील तर चिंता नाही. नक्की आठवत नसेल तर आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. रक्तातली प्रतिकारशक्ती तपासून, गरज पडल्यास द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिद्रव्यांचं इंजेक्शन) संपर्कानंतर दहा दिवसांच्या आत द्यावं लागतं. लवकर दिलेलं अधिक चांगलं. पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मुलगी संसर्ग पसरवत होती, हा हिशेब त्यात धरा.

प्रश्न : शेंबूड हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक लागणार ना? (नाशिक)

नाही. साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो हिरवा-पिवळा होतो. रंग बघण्यापेक्षा मूल शांत किंवा झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखाली ६०, एक वर्षापर्यंत ५० आणि पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. दोन वर्षांखालच्या मुलाला खोकल्याचं औषध मागू नका, ते देऊ नये असंच केंद्रीय आरोग्य खात्याने २०२५ साली सांगितलं आहे.

प्रश्न : आम्ही लंडनला असतो. आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन ऑगस्टात पुण्याला यायचंय. कोणत्या लशी घ्याव्यात? (ईमेलने)

तिकडे गोवराची लस वर्षानंतर देतात, पण इकडे येणार असाल तर तिचा एक डोस आधी देता येतो का ते डॉक्टरांना विचारा. सहा महिन्यांनंतर तो चालतो. मात्र वर्षाच्या आत दिलेला डोस हिशेबात धरत नाहीत, नेहमीचे दोन नंतर घ्यावेच लागतात. लस लागू पडायला साधारण दोन आठवडे जातात, तेव्हा तिकीट काढलं की लगेच भेटीची वेळ घ्या. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून बाळाच्या दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी लावा. आणि घरच्यांना आधीच सांगून आठवड्यातून एकदा पिंप, कुंड्यांखालच्या थाळ्या, फ्रिजमागचा ट्रे रिकामा करून घासून घ्यायला लावा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात.