मार्च-एप्रिलमध्ये अवकाळीचा अंदाज किती दिवस आधी खरा मानायचा?

कोणत्या पट्ट्यात पाऊस होईल, हे चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी कळतं. आपल्याच गावात गारा पडतील का, हे मात्र दोन-तीन तास आधीच.

या दिवसांत देशभर एकच हवामान नसतं. काश्मीर-हिमाचलात पाऊस-बर्फ आणणारे पश्चिमी झंझावात भूमध्य समुद्राकडून येतात. त्यांची वाटचाल उपग्रहावर दिसते, म्हणून तिकडचा अंदाज जास्त भरवशाचा. आपल्याकडे गणित अवघड. बंगालच्या उपसागरावरून दमट वारे येतात, वायव्येकडून कोरडे, आणि ते भेटतात तिथे, बरेचदा विदर्भापासून दक्षिणेकडे, कमी दाबाचा पट्टा तयार होतो. दुपारी जमीन तापली की तासाभरात ढग उभा राहतो. तो नेमका कुठे, हे सकाळी कोणतंच मॉडेल सांगू शकत नाही. म्हणूनच एका शिवारात गारपीट आणि शेजारचं गाव कोरडं. बंगालातल्या कालबैसाखीचं, म्हणजे तिकडच्या उन्हाळी वादळी पावसाचंही तसंच.

हवामान खात्याचा जिल्हावार इशारा रोज बघा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा. पण काढलेला गहू, हरभरा उघड्यावर असेल तर माझं स्पष्ट मत, पिवळ्यालाच झाका. ताडपत्री वाया जात नाही, पीक जातं. दुपारनंतर तीन तासांचा तातडीचा अंदाज आणि विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप पाहत राहा. गडगडाट ऐकू आला की शेत सोडा, झाडाखाली मुळीच थांबू नका.