गुरूच्या पोटात काय आहे, हे शोधायचं असेल तर

तू लिहिलं आहेस, ‘मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. गुरू ग्रहाच्या आत काय आहे हे शोधण्याचं काम करायचं आहे. खगोलशास्त्र घेतलं की झालं ना? गणित जमतं, पण प्रोग्रामिंगची धास्ती वाटते.’

खगोलशास्त्र जरूर घे. पण दुर्बिणीतून गुरूचे ढगच दिसतात. आतलं बरंचसं कळलं ते एका रेडिओ संदेशाच्या वारंवारतेवरून. जूनो यान २०१६ साली गुरूजवळ पोचलं. ते ढगांपासून चार-पाच हजार किलोमीटरवरून झपकन जातं, तेव्हा पृथ्वीवरून संदेश पाठवतात आणि यान तो परत पाठवतं. खालचं वस्तुमान कसं पसरलंय त्याप्रमाणे यानाचा वेग किंचित बदलतो आणि वारंवारता सरकते. सेकंदाला एका मिलिमीटरचा शंभरावा भाग, एवढा फरकही टिपता येतो. त्यासाठी इथे जमिनीवरच्या अँटेनाच्या डोक्यावर हवेत किती बाष्प आहे, तेही मोजून वजा करावं लागतं! मला स्वतःला या कामातली ही गोष्ट सगळ्यात भावते.

सगळा गुरू एकाच गतीने फिरणारा द्रवाचा गोळा असता, तर त्याचं गुरुत्वाकर्षण उत्तरेला आणि दक्षिणेला सारखंच भरलं असतं. २०१८ मध्ये जूनोच्या आकड्यांनी दाखवलं की ते सारखं नाही. उत्तरेचे आणि दक्षिणेचे वारे वेगळे आहेत, म्हणून हा फरक पडतो. त्यावरून निघालं की ढगांचे पट्टे घडवणारे हे वारे सुमारे ३,००० किलोमीटर खोलवर जातात.

गाभ्याचं कोडं मात्र अवघड आहे. तो घट्ट गोळा नसून दूरवर विरघळल्यासारखा पसरलेला असावा, असं दिसतं. पण त्याच आकड्यांत वेगवेगळ्या रचना बसतात. त्यातल्या कोणत्या शक्य आहेत हे ठरवायला गुरू ज्याचा मुख्यतः बनलाय तो हायड्रोजन प्रचंड दाबाखाली कसा वागतो, हे माहीत असावं लागतं. म्हणून भौतिकशास्त्रातच पदवी पूर्ण कर. यामिकी, रेषीय बीजगणित आणि त्रुटींचं गणित मनापासून शिक. एमएस्सी आणि पीएचडीला पर्याय नाही. म्हणजे आठ-नऊ वर्षं धर. घरच्यांनाही हे आत्ताच सांगून ठेव. ज्यूस हे युरोपचं यान २०३१ मध्ये गुरूजवळ पोचायचं आहे, तेव्हा तू पीएचडीत असशील.

आता धास्तीचं. प्रोग्रामिंग टाळून हे काम होत नाही, हे स्पष्टच सांगते. पण त्यासाठी क्लास लावू नकोस. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत गुरूभोवती फिरणाऱ्या एका यानाचा प्रोग्राम लिही. ध्रुवांशी चपट्या ग्रहासाठी गुरुत्वाकर्षणाच्या सूत्रात जे-टू नावाचा गुणांक येतो, गुरूचा ०.०१४७ आहे, तो घाल. कक्षा हळूहळू वळताना दिसेल. मग यानाच्या वेगात थोडी खोटी चूक मिसळ आणि त्या बिघडलेल्या आकड्यांवरून जे-टू परत काढून बघ. पहिल्यांदा उत्तर बहुतेक चुकेल. ती चूक शोधत तू किती वेळ बसलीस आणि उठावंसं कधी वाटलं, ते मला कळव. पुढचं त्यावरून बोलू.