शेणकिड्यांत आधी पाय पाहावेत, शिंगे नंतर

नाशिकच्या गंगापूर धरणाजवळ मिळालेल्या शेणकिड्यांच्या, शिंगे असलेली आणि नसलेली, अशा दोन वेगळ्या जाती आहेत असे आपण गृहीत धरले आहे. परंतु २,००० हून अधिक जाती असलेल्या ऑन्थोफॅगस या शेणकिड्यांच्या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) शिंगे बहुधा नरालाच असतात, आणि अळीपणी अन्न कमी पडलेल्या नराची शिंगे खुंटून तोही मादीसारखा दिसतो. म्हणून प्रथम भिंगाखाली मागच्या पायाची नडगी पाहावी. टोकाला एकच काटा असल्यास किडा स्कॅराबायिनी उपकुळातला (ऑन्थोफॅगसही यातलाच), दोन असल्यास ॲफोडायिनीतला, म्हणजे बहुधा शेणातच राहणारा लहान, लांबट किडा समजावा. पंखकवचाच्या कडेला खांद्यामागे ठळक खाच दिसली, तर तो शेणाचा गोळा ढकलत नेणारा जिम्नोप्ल्यूरस किंवा त्याचा जवळचा भाऊबंद होय. जातीचे नाव मात्र अनेकदा नराचे जननांग तपासल्यावरच ठरते; नुसत्या छायाचित्रावरून छातीठोकपणे नाव सांगणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर तारीख आणि शेण गाईचे की म्हशीचे, हे लिहावे. ठिकाण म्हणून निव्वळ ‘नाशिक’ लिहून भागत नाही, कारण इगतपुरीचा पाऊस आणि सिन्नरचा कोरडा माळ एकाच जिल्ह्यात मोडतात.