वाचकांचे प्रश्न : गव्हर्नर म्हणजे राज्यपाल नव्हे

प्रश्न : अमेरिकेतले नेते बॉबी जिंदल यांना कुठे 'लुइझियानाचे राज्यपाल' तर कुठे 'गव्हर्नर' म्हटलेले असते. त्यांचे पद दोनापावलाला राहणाऱ्या गोव्याच्या राज्यपालांसारखेच का? मुलीला शाळेत त्यांच्यावर भाषण करायचे आहे. (फोंडा)

उत्तर : नाही, म्हणून भाषणात 'गव्हर्नर' हाच शब्द ठेवा. आपल्या राज्यपालांना राष्ट्रपती नेमतात. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याचा गव्हर्नर लोकांच्या थेट मतांनी चार वर्षांसाठी येतो आणि कारभार स्वतः चालवतो. म्हणजे कामाने तो पर्वरीतल्या मुख्यमंत्र्यांच्या जवळचा. पण आपल्याकडे ४० पैकी २१ आमदार टिकवावे लागतात. तिथे आमदारांनी पक्ष बदलले तरी गव्हर्नर पडत नाही.

जिंदल यांचा जन्म १० जून १९७१ चा, लुइझियानातल्या बॅटन रूजचा. आईवडील त्याच वर्षी पंजाबातून तिथे गेले होते. मूळ नाव पियुष. १९९६ मध्ये, चोविसाव्या वर्षी, ते राज्याच्या आरोग्य खात्याचे प्रमुख झाले, तेही नेमणुकीने. गव्हर्नरपदाची निवडणूक आली २००३ मध्ये. लुइझियानात या पदासाठी सगळ्या पक्षांचे उमेदवार पहिल्या फेरीत एकत्रच लढतात. निम्म्याहून जास्त मते कुणालाच नसली तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान. जिंदल पहिल्या फेरीत पुढे होते, दुसऱ्या फेरीत कॅथलीन ब्लँको जिंकल्या. २००७ मध्ये मात्र त्यांनी सुमारे ५४ टक्के मते घेऊन पहिल्याच फेरीत निकाल लावला. भारतीय वंशाचे ते अमेरिकेतले पहिले गव्हर्नर. २०११ मध्ये पुन्हा निवडून आले. तिथे सलग दोनच कार्यकाळ मिळतात, म्हणून जानेवारी २०१६ मध्ये पायउतार झाले.

भाषणात २००८ चा पगाराचा प्रसंग जरूर घ्यावा, पद कसे चालते ते त्यातून नीट कळते. आमदारांनी स्वतःचा मूळ पगार १६,८०० डॉलरवरून ३७,५०० करणारे विधेयक मंजूर केले. अशी वाढ रोखण्याचे वचन जिंदल यांनी प्रचारात दिले होते, पण आपली बाकीची विधेयके अडतील या धास्तीने ते आधी बाजूला राहिले. तिथे सही नसली तरी ठरलेल्या मुदतीनंतर विधेयकाचा कायदा होतो, त्यामुळे गप्प बसणे म्हणजे मान्यताच. लोक खवळले, जिंदल यांना पदावरून परत बोलावण्यासाठी सह्यांची मोहीम सुरू झाली आणि ३० जूनला त्यांनी नकाराधिकार वापरला. तो उलटवायला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते लागतात : कनिष्ठ सभागृहात १०५ पैकी ७० आणि सिनेटमध्ये ३९ पैकी २६.

मुलीने दुसरी बाजूही सांगावी. त्यांच्या काळात आयकर कमी झाला, पुढे मंदी आली, नंतर तेलाचे भाव कोसळले. एकदाच हाती येणारा पैसा दरवर्षीच्या खर्चाला लावल्याने तूट संपेना. सर्वांत मोठी झळ सरकारी विद्यापीठांना बसली. आमच्या मते हीच त्यांच्या कारकिर्दीची सर्वांत कच्ची बाजू.

प्रश्न : तिथला लेफ्टनंट गव्हर्नर म्हणजे गोव्यात पूर्वी असत ते नायब राज्यपाल का? (म्हापसा)

उत्तर : नाव तेच, पद वेगळे. ३० मे १९८७ ला घटक राज्य होईपर्यंत आपले नायब राज्यपाल केंद्राने नेमलेले असत. लुइझियानातला लेफ्टनंट गव्हर्नर निवडून येतो आणि गव्हर्नरची जागा मध्येच रिकामी झाली तर ती घेतो. वर आलेल्या ब्लँको गव्हर्नर होण्याआधी याच पदावर होत्या.

प्रश्न : मग नको असलेल्या गव्हर्नरला काढायचे कसे? (काणकोण)

उत्तर : एक वाट वर आलेली, मतदारांनी सह्या गोळा करून परत बोलावण्याची. दुसरी महाभियोगाची. कनिष्ठ सभागृह आरोप ठेवते, सिनेट निवाडा करते आणि दोषी ठरवायला दोन-तृतीयांश मते लागतात. १९२९ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर ह्युई लाँग यांच्यावर आरोप ठेवले गेले, पण ३९ पैकी १५ सिनेटरांनी 'आम्ही दोषी ठरवणार नाही' असे आधीच लिहून दिले. २६ चा आकडा जमणेच अशक्य झाले आणि खटला तिथेच थांबला.