हक्कांची यादी नंतर, आधी चौकशीची पद्धत ठरवा

‘विद्यार्थ्यांचे हक्क आणि जबाबदाऱ्या यांचा मसुदा तुम्हीच करून आणा’ असं मुख्याध्यापकांनी विद्यार्थी परिषदेला सांगितलंय आणि सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंय. सोबतची यादीही वाचली. ‘सन्मानाने वागवलं जाण्याचा हक्क’, ‘आनंदी वातावरणाचा हक्क’ वगैरे. यावर कुणीच हरकत घेणार नाही. पण अडचणीच्या दिवशी कुणाला त्यांचा उपयोगही होणार नाही.

खरी ओढाताण होते ती एखाद्यावर आरोप झाल्यावर. त्याला आरोप नेमका काय आहे हे कोण सांगणार? त्याचं म्हणणं शिक्षेआधी ऐकणार की नंतर? शिक्षा वर्गशिक्षक ठरवणार की मुख्याध्यापक? ती पटली नाही तर दाद कुणाकडे मागायची? हे चार प्रश्न आधी सोडवा, बाकीचं निम्मं काम आपोआप होतं.

यात नवीन काही नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली ‘गॉस विरुद्ध लोपेझ’ खटल्यात हेच म्हटलं: दहा दिवसांपर्यंतच्या निलंबनातही विद्यार्थ्याला आरोप सांगायला हवा, त्याने तो नाकारला तर पुरावा काय आहे ते सांगून त्याला बाजू मांडू द्यायला हवी. वकील, साक्षीदार, मोठी सुनावणी असं काही मागितलं नव्हतं. दोन मिनिटांचं बोलणंही चालेल, पण ते सहसा शिक्षेआधी व्हायला हवं. (धोका समोर दिसत असेल तर विद्यार्थ्याला लगेच बाहेर काढून नंतर लवकरात लवकर ऐकून घेण्याची मुभा न्यायालयाने ठेवली होती. ही सवलत तुम्हीच मसुद्यात घाला, शिक्षकांची निम्मी भीती जाईल.) संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं कलम १२ मुलाशी संबंधित बाबींत त्याचं मत ऐकायला सांगतं आणि कलम २८ शाळेची शिस्त मुलाची प्रतिष्ठा राखणारी असावी म्हणतं. गंमत म्हणजे हा करार अमेरिकेने अजून मंजूर केलेला नाही.

आता जबाबदाऱ्या. व्यवस्थापनाकडून हमखास एक वाक्य येईल: ‘जबाबदाऱ्या पाळणाऱ्यांनाच हे हक्क लागू राहतील.’ ऐकायला रास्त वाटतं, पण तिथे अडून बसा. बाजू मांडायची गरज पडते ती नियम मोडल्याचा आरोप असलेल्यालाच. त्याचाच हक्क काढून घेतला तर सनद फक्त शहाण्या मुलांपुरती उरते. त्याबदल्यात जबाबदाऱ्या नेमकेपणाने लिहायची तयारी दाखवा. ‘शिस्त पाळावी’ असं मोघम नको. ‘दुसऱ्याचं बोलणं तोडू नये’, ‘नुकसान केलं तर भरून द्यावं’ असं लिहा. आणि शाळेच्या जबाबदाऱ्यांचाही रकाना ठेवा: तक्रारीला किती दिवसांत लेखी उत्तर मिळेल, जप्त केलेली वस्तू कधी परत मिळेल.

बैठकीबद्दल थोडक्यात. इतिवृत्त तुमच्यापैकी एकाने लिहावं आणि मुख्याध्यापकांची सही त्याच दिवशी घ्यावी. फक्त हुशार, बोलकी मुलं नेऊ नका; ज्यांना वारंवार शिक्षा होते त्यांच्यातला एकजण तरी हवाच, नियम कुठे बोचतात ते त्यालाच ठाऊक असतं. मुख्याध्यापकांना काही बाबतीत वरून परवानगी लागते. त्या बाबी कोणत्या, हे पहिल्याच बैठकीत विचारून घ्या, म्हणजे तिसऱ्या बैठकीत ‘हे आमच्या हातात नाही’ ऐकावं लागणार नाही.

मोबाइल आणि गणवेशाची कलमं सगळ्यात शेवटी घ्या. ती आधी काढलीत तर सगळा वेळ तिथेच जाईल.