एकाऐवजी दोन हीटर : मत्स्यालयाच्या तापमानाविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : माझे मत्स्यालय 200 लिटरचे आहे. 200 वॅटचा एक हीटर लावावा की 100 वॅटचे दोन? दोन लावल्यास वीजबिल वाढेल का?

उत्तर : दोन लावावेत. उष्णता जास्त मिळावी म्हणून नव्हे, तर एखादा बिघडला तरी त्याचा फटका मर्यादित राहावा म्हणून. साध्या हीटरच्या थर्मोस्टॅटमधील (ठरवलेल्या तापमानाला हीटर चालू-बंद करणाऱ्या भागातील) संपर्कबिंदू दिवसातून अनेकदा जुळतात आणि सुटतात. बारीक ठिणग्यांनी ते झिजतात आणि कधीतरी एकमेकांना असे चिकटतात, की हीटर बंद होण्याचे नाव घेत नाही. समजा, खोलीत 20 अंश सेल्सिअस तापमान आहे आणि पाणी 25 अंशांवर राखण्यासाठी सरासरी 60 वॅट लागतात. पाणी आणि खोली यांच्या तापमानात जितका फरक, साधारण त्याच प्रमाणात उष्णता बाहेर जाते. त्यामुळे 100 वॅटचा एक हीटर अखंड चालू राहिला तरी पाणी 28 अंशांच्या थोडे पुढे जाऊन स्थिरावेल, आणि ते बहुतेक उष्णकटिबंधीय मासे काही काळ सोसतात. 200 वॅटचा एकुलता एक हीटर असा अडकला, तर हाच हिशेब 36 अंशांपलीकडे जातो. शिवाय 200 लिटर पाणी एका अंशाने तापण्यास सुमारे 230 वॅट-तास ऊर्जा लागते, म्हणजे 100 वॅटच्या हीटरला प्रत्येक अंशामागे दोन तासांहून अधिक वेळ लागेल आणि तेवढ्यात बिघाड लक्षात येण्याची शक्यता वाढते. उलट एक हीटर बंद पडला, तर वरील उदाहरणात उरलेला एकटाही तापमान सांभाळतो.

वीजबिल वाढत नाही, कारण जितकी उष्णता बाहेर जाते तितकीच भरून काढायची असते. जुना 200 वॅटचा हीटर तसाच ठेवून शेजारी आणखी 200 वॅटचा लावणारे मात्र या साऱ्या युक्तीवर पाणी फिरवतात.

प्रश्न : दोन्ही हीटर 25 अंशांवर लावले आहेत, पण एकाचाच दिवा सतत लागलेला दिसतो. दुसरा बिघडला आहे का?

उत्तर : बहुधा नाही. हीटरच्या चकतीवरील आकडे तंतोतंत नसतात आणि दोन हीटरांत एखाद्या अंशाचा फरक सहज असतो, त्यामुळे ज्याची मर्यादा वर तोच बहुतांश काम करतो. दुसऱ्याची चकती थोडी वर फिरवून त्याचा दिवा लागतो का आणि नंतर पाणी तापते का, हे वेगळ्या तापमापकाने पाहावे. खरे तर एक हीटर मुद्दाम अर्धा अंश खाली लावून राखीव ठेवणे सोयीचे असते. मात्र काही महिन्यांनी दोघांच्या भूमिका बदलाव्यात, म्हणजे झीज वाटली जाईल.

प्रश्न : दोन्ही हीटर शेजारी शेजारी ठेवले तर चालतील का?

उत्तर : चालवू नयेत. एकाच्या उष्णतेने दुसऱ्याचा थर्मोस्टॅट फसतो आणि मत्स्यालयाची दूरची बाजू गार राहते. दोन टोकांना, जिथे फिल्टरमुळे पाणी खेळते राहते अशा जागी, ते पूर्ण बुडवून ठेवावेत आणि तापमापक दोघांपासून दूर असावा.

प्रश्न : बाहेरचा तापमान-नियंत्रक लावल्यावर दुसऱ्या हीटरची गरज उरते का?

उत्तर : उरते. नियंत्रकाचा रिलेही (वीजप्रवाह चालू-बंद करणारा त्यातील स्विचही) चिकटू शकतो, म्हणून हीटरांचे स्वतःचे थर्मोस्टॅट नियंत्रकाच्या मर्यादेपेक्षा एक ते दोन अंश वर लावून दुसरा पहारा ठेवावा. नियंत्रकाचा संवेदक निसटून पाण्याबाहेर आला, तर तो खोलीतील गार हवा मोजतो आणि हीटर चालूच ठेवतो. म्हणून तो पाण्याच्या पातळीच्या बऱ्याच खाली पक्का बसवावा. पाणी बदलताना केवळ नियंत्रकावर विसंबू नये : दोन्ही हीटरांचे प्लग काढून 15 ते 20 मिनिटे थांबावे आणि मगच पाणी उपसावे, अन्यथा हीटरची उघडी पडलेली तापलेली काच तडकू शकते.