रोमन लोक शिकवताना गणितापासून सुरुवात करावी

नव्या शिक्षकांनी हा विषय सम्राटांच्या नावांपासून सुरू करू नये, असे मी अनुभवाने सुचवतो. चौथीच्या मुलांना २३ गुणिले १४ हे उदाहरण केवळ रोमन अंकांत सोडवायला द्यावे. पाचच मिनिटांत वर्ग हैराण होतो आणि शून्य व स्थानिक किंमत यांचे मोल त्यांना न सांगता उमगते. भाषेच्या तासाला सप्टेंबर हा जुन्या रोमन कालगणनेत मुळात सातवा महिना होता, हे ‘सप्त’ शब्दाशी जोडून दाखवावे. भूगोलासाठी इ. स. ७९ मधील इटलीतील व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक आणि राखेखाली गाडले गेलेले पॉम्पेई शहर पुरेसे आहे. चित्रकलेत रंगीत कागदाच्या सेंटिमीटरभर तुकड्यांचे मोझेक करून घ्यावे. मात्र डिंक बेताने द्यावा, नाहीतर बाके पुसण्यातच तास संपतो. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी उत्खननात सापडलेल्या पोसायडन या समुद्रदेवाच्या रोमन कांस्यमूर्तीचे छायाचित्र शेवटच्या तासासाठी राखून ठेवावे.